आईच्या शेजारची खुर्ची

कॉटर, पूर्व ओरेगन
८ जानेवारी

केझी,

पाकिटावरचा पत्ता व्हर्नामावशीच्या हातचा आहे, आतलं पत्र माझं आहे. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न उघडता परत धाडलं असतंस. ही फसवणूकच आहे. ती आधीच कबूल करते, म्हणजे तुला हवं तर इथेच थांबता येईल.

आई आता घरी राहत नाही. मावशीच्या ट्रेलर-घरात, मागच्या खोलीत असते. फीबी मात्र बाबांकडे आहे. तू गेलीस तेव्हा फीबी पाळण्यात होती, आता दहा वर्षांची झाली.

ऑक्टोबरपासून तिचा कान ठणकत होता. बाबांनी प्रार्थना केली, लसणीचं कोमट तेल घातलं, तिला मांडीवर घेऊन बसले. हे सगळं त्यांनी केलं, म्हणून लिहिते. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात कानातून रक्त यायला लागलं, तेव्हा आईनं त्यांना न विचारता मावशीला गाडी घेऊन बोलावलं आणि फीबीला दवाखान्यात नेलं. पडदा फाटला होता. डाव्या कानानं तिला कमी ऐकू येतं. किती कमी, ते डॉक्टरांनी अजून लिहून दिलेलं नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

दोघी परतल्या तर दाराला आतून कडी.

आई तिला घेऊन मावशीकडे गेली. दोन-तीन दिवसांनी फीबी पायरीवर बसून मावशीच्या कुत्र्याला पावाच्या कडा भरवत होती, तेवढ्यात बाबा आपल्या प्रार्थनामंडळीतल्या दोघांना घेऊन आले आणि तिला ट्रकमध्ये बसवून घेऊन गेले. मावशीनं शेरिफच्या ऑफिसला फोन केला. तिथला एक माणूस आला, कॉफी प्यायला आणि म्हणाला, "दोघंही पालक. कोर्टाचा आदेश नाही. जितका हक्क आईचा, तितकाच बापाचा."

"म्हणजे जो आधी उचलेल त्याचं पोर?" मावशी म्हणाली. "माझ्या कोंबड्यांनासुद्धा याहून बरे नियम आहेत."

"आदेश आणा, बाई. मग मी स्वतः जाऊन तिला घेऊन येतो."

तो आदेश मागायचा अर्ज मी करणार आहे. तुला ठाऊक नसेल, मी आता परवानाधारक पॅरालीगल आहे. वकील नव्हे. मावशी सगळ्यांना वकीलच सांगते आणि मला दर वेळी दुरुस्त करावं लागतं. राज्यानं हा परवाना अलीकडेच सुरू केला, कारण आपल्याकडे घटस्फोटाला वकील मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, आणि बायका एकट्याच फॉर्म हातात धरून न्यायाधीशांसमोर उभ्या राहतात. घटस्फोट, मुलांचा ताबा, पोटगी, यांचे अर्ज मी करते. सल्ला देते, दुसऱ्या बाजूशी बोलणी करते. सुनावणीत अशिलाच्या शेजारच्या खुर्चीत बसते. न्यायाधीशांनी मला काही विचारलं तर उत्तर देते. साक्षीदाराला प्रश्न विचारत नाही, युक्तिवाद करत नाही. तिथे माझा परवाना संपतो.

अशिलाची माहिती बाहेर सांगायची नसते. तुला हे सगळं लिहायला आईनं लेखी परवानगी दिली आहे.

मी तुझ्याकडे काही मागत नाही.

हे वाक्य खोटं आहे, खोडते. मागणार आहे. पण तू इथपर्यंत वाचलंस का, ते मला आधी कळायला हवं.

तिर्झा


१९ जानेवारी

केझी,

तुझं उत्तर आलं नाही. पाकीटही परत आलं नाही. त्याचा अर्थ मी लावत नाही. (लावते आहे. दुसरं काय करणार?)

मी ज्यांच्या हाताखाली शिकले त्या ओडेगार्डबाईंकडे जाऊन आले. वकील आहेत, पण आता दोन काठ्या घेऊन चालतात आणि कोर्टात उभं राहणं त्यांनी सोडलंय. आईचं काम मी घेऊ का, असं विचारलं. जिल्ह्यात हे काम करणारे दोनच वकील. एकाला बाबांनी आधीच नेमलंय, दुसरे एप्रिलनंतरची तारीख देतात. तोवर फीबी बाबांकडेच राहणार.

"नियमात बंदी नाही," ओडेगार्डबाई म्हणाल्या. "पण समोर तुझा बाप आहे. हे आईला नीट समजावून सांग, तिची सही घे. मग बघ, तुला झोप लागते का."

"झोप तशीही लागत नाही."

"ते माहीत आहे मला. दुसरी गोष्ट. तिथं तुला गप्प बसावं लागेल. डोळ्यांदेखत तिचं नुकसान होत असलं तरी. बसशील?"

"गप्प बसायचंच तर शिकलेय लहानपणापासून."

"म्हणून तर विचारतेय," त्या म्हणाल्या.

आईपुढे संमतीपत्र ठेवलं. "समोरची बाजू म्हणजे माझे वडील," मी म्हणाले. "हे माहीत असूनही तू मला नेमतेस, असं यात लिहिलंय."

आईनं चष्मा लावून ते सबंध वाचलं. "तू त्यांची मुलगी आहेस हे मला कागदावर कळवतेस?" ती म्हणाली. "मी होते की तेव्हा तिथं."

मावशी हसता हसता खोकायला लागली. आईही हसली. त्यानंतर मी तिला हसताना पाहिलेलं नाही.

मग शपथपत्राला बसलो. ते अशिलाच्याच तोंडून यावं लागतं. शब्द मी नीट लावीन, पण घटना तिनं सांगायच्या. मी विचारलं, कान दुखतोय हे बाबांना कधी सांगितलंस? ती म्हणाली, मी उशीर केला. मी विचारलं, बाबा काय म्हणाले? ती म्हणाली, मी आणखी आग्रह धरायला हवा होता. कडी कुणी लावली? मी न विचारता गेले होते. पान भरलं, आणि त्यात बाबा कुठेच नाहीत. मी माझ्या मनानं एक ओळ घातली, तर तिनं त्यावर बोट ठेवलं. "हे मी म्हटलेलं नाही." खरंच म्हटलेलं नव्हतं. मी ओळ काढली.

ओडेगार्डबाईंना हे काही उमगेना. मग त्यांना आपल्या घरच्या जेवणाची रीत सांगावी लागली. बाबांनी हात जोडून मान खाली घातली, की सगळ्यांनी घालायची. मग एकेकानं त्या दिवशीची आपली चूक सांगायची. फक्त आपली. दुसऱ्याची काढली तर ती आणखी मोठी चूक, आणि त्याचं ताट पालथं. सगळ्यांचं सांगून झालं की जेवण. आपल्याला वाचायला शिकवलं आईनं, गणित आईनं, नकाशे आईनं. शाळा अशी कधी पाहिलीच नाही आपण. पण आपण सगळ्यात पक्कं शिकलो ते हेच.

ओडेगार्डबाई बराच वेळ काठीच्या मुठीवर बोट फिरवत राहिल्या.

"आणि बाप? तो काय सांगायचा?"

"बाबा ऐकायचे," मी म्हणाले.

म्हणून तुला विचारतेय. बाबांनी काय केलं हे तू सांगू शकतेस, कारण तू त्या टेबलावरून उठलीस. मी उठले ती शिकायला म्हणून, परवानगी घेऊन, आणि दर रविवारी परत जाऊन बसत होते. तुझ्यावेळी मी मागच्या खोलीत पाळण्यातल्या फीबीजवळ होते, मी काही पाहिलेलं नाही. तू जन्मदाखला मागितलास, तो आपल्यापैकी कुणाचाच काढलेला नव्हता, आणि त्या जानेवारीत तुला मोज्यांनिशी ओसरीवर उभं राहावं लागलं. मावशीची गाडी येईपर्यंत. हे कुणाच्या सांगण्यावरून झालं, एवढं दोन परिच्छेदांत लिहून शपथेवर सही केलीस तरी पुरे. सुनावणीला व्हिडिओवरून हजर राहता येतं.

तुझ्या तोंडी शब्द घालायचा मला अधिकार नाही. वरच्या चार ओळी वाचल्या असशील तर विसरून जा आणि तुला आठवतं ते लिही.

तिर्झा


३० जानेवारी

केझी,

तुझं कार्ड मिळालं. पुढे सिटकाच्या बंदराचं चित्र, मागे तुझ्या तीन ओळी. "माझ्यावेळी कडी आईनं लावली, हे तू लिहिलं नाहीस. खिडकीतून बघत उभी होती. तिच्यासाठी मी हात वर करून शपथ घेणार नाही."

बरोबर आहे. ते मी लिहायला हवं होतं. मला वाटलं, ते लिहिलं तर तू येणार नाहीस.

साक्षीसाठी पुन्हा विचारणार नाही. समन्स काढून तुला आणता येईल का, हे मी पाहिलंही नाही. खोटं. पाहिलं. दुसऱ्या राज्यातून ते सोपं नसतं. सोपं असतं तरी मी काढलं नसतं असं मला वाटतं, पण शपथेवर विचारलंस तर सांगता येणार नाही.

आईला कार्ड दाखवलं. तिनं वाचून ते उलटं केलं आणि चित्र बघत बसली. "बोटी बऱ्याच आहेत," म्हणाली.

सुनावणी ६ फेब्रुवारीला आहे. तात्पुरत्या आदेशाची. म्हणजे घटस्फोटाचा निकाल लागेपर्यंत फीबी कुणाकडे राहणार, हे त्या दिवशी ठरेल. आता साक्षीदार एकटी आईच, म्हणून रोज संध्याकाळी मावशीकडे सराव चालू आहे.

"न्यायाधीश म्हणतील, तुमच्या शब्दांत सांगा," मी तिला समजावते. "सुरुवात फीबीपासून कर. ती दिवसभर काय करते, काय खाते, डॉक्टर काय म्हणाले. मग बाबा काय म्हणाले. दुसऱ्यानं काय केलं ते सांगणं तिथे पाप नाही. तिथे त्यालाच साक्ष म्हणतात."

"माहीत आहे गं. वेडी नाही मी."

"चल, सांग."

"आई म्हणून मी कमी पडले—"

"आई."

"बरं, परत."

मावशी न्यायाधीश झाली. आंघोळीचा जांभळा झगा घातला, हातात लाटणं घेतलं, आणि टेबलावर असं आपटलं की कुत्रं पलंगाखाली गेलं. "शांतता. लिनोरा हॅलस्टेड, तुझ्यात काय खोट आहे ते या कोर्टाला लग्नाच्या आधीपासून ठाऊक आहे. नवऱ्याचं बोल."

चार-पाच दिवस काहीच निघालं नाही. काल निघालं. आई भिंतीकडे बघत म्हणाली, "मी त्यांना म्हणाले, पोरीला डॉक्टरांकडे नेऊ या. ते म्हणाले, देह देवाचा आहे, डॉक्टरांचा नाही. तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच म्हणाले."

मावशीनं लाटणं खाली ठेवलं. आई उठून सिंकपाशी गेली आणि धुतलेले कप पुन्हा धुवायला लागली. हे शपथपत्रात घालू का, असं मी हळूच विचारलं. "नको," ती म्हणाली. "लिहून नको. तोंडानं सांगेन. तेवढं जमेल मला."

मला आशा वाटते आहे. उगाच लिहिलं, पण खोडत नाही.

तिर्झा


६ फेब्रुवारी

केझी,

निकाल आधी सांगते. फीबी बाबांकडेच राहणार. आईला दर शनिवार मिळाला, सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

कोर्टाच्या मोठ्या दालनातला हीटर बंद पडला होता, म्हणून आम्हाला ज्यूरीच्या खोलीत बसवलं. एकच लांब टेबल. एका टोकाला न्यायाधीश, दुसऱ्या टोकाला बाबा आणि त्यांचे वकील प्रुइट. आई आणि मी मध्ये, एका बाजूला. टंकलेखिका कोपऱ्यात. बाबांनी रविवारचा शर्ट घातला होता. मला बघून त्यांनी ओळखीची मान हलवली.

अर्ज मी व्यवस्थित केला होता. दवाखान्याचे कागद जोडलेले, फीबीच्या दिवसाचा तक्ता जोडलेला. न्यायाधीशबाईंनी सगळं वाचलेलं होतं, हे त्यांच्या प्रश्नांवरून कळत होतं. त्या आईशी अदबीनं बोलल्या. चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "घाई नाही, मिसेस हॅलस्टेड. तुमच्या शब्दांत सांगा."

टेबलाच्या टोकाला बाबांनी हात जोडले आणि मान खाली घातली.

आई म्हणाली, "माझी चूक केझायापासून आहे."

मी तिचे शब्द लिहून ठेवले आहेत, आठवतील तसे. "केझाया माझी थोरली. एकोणीस वर्षांची होती. तिनं आपला जन्मदाखला मागितला, तिला पुढे शिकायचं होतं. दाखला आम्ही काढलाच नव्हता. ती बाहेर गेली आणि दाराला कडी मी लावली. जानेवारी होता. तिच्या पायात नुसते मोजे होते. बूट दाराच्या आत राहिले होते, ते मला दिसत होते. मी खिडकीपाशी उभी राहिले. तिनं एकदा दार वाजवलं. मग वाजवलं नाही. मी काही सरकले नाही. नंतर फीबीचा कान. तिनं मला ऑक्टोबरात सांगितलं, मी तिला नोव्हेंबर संपताना नेलं. मधे तिचं जे ऐकू येणं गेलं, ते माझ्यामुळे गेलं."

एवढं बोलून ती थांबली. घरी थांबायची तशी. आता दुसऱ्या कुणाची तरी पाळी.

प्रुइट उभेही राहिले नाहीत. "कडी तुम्ही लावलीत?"

"हो."

"तुमच्या पतीनं कडीला हात लावला?"

"नाही."

"मुलीला डॉक्टरांकडे नेऊ नका, असं त्यांनी कधी म्हटलं होतं?"

आईनं हात मांडीत घेतले.

"उत्तर द्या, बाई," न्यायाधीश म्हणाल्या. "हे महत्त्वाचं आहे."

"मी फक्त माझं सांगू शकते," आई म्हणाली.

मग त्यांनी मला विचारलं. "मिस हॅलस्टेड, याबद्दल शपथपत्रात काही आहे का? माझ्या नजरेतून सुटलं असेल."

न्यायाधीशांनी विचारलं तर मी उत्तर देऊ शकते. मी म्हणाले, "नाही. काही नाही."

देह देवाचा आहे, ते तीन वेळा, कप, सगळं माझ्या जिभेवर होतं. पण मी साक्षीदार नव्हते.

त्यांनी कागद जुळवून ठेवले. "माझ्यासमोर जे आलं, तेवढ्यावरच मला ठरवता येतं," म्हणाल्या. फीबी तिच्या राहत्या घरात राहील, डॉक्टरांची ठरलेली भेट चुकवायची नाही, आणि आईला शनिवार. त्या वाईट न्यायाधीश नाहीत, केझी. मी त्यांच्या जागी असते तर वेगळं ठरवलं असतं असं मला म्हणवत नाही.

बाहेर मावशी गाडीत वाट बघत होती. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता गाडी सुरू केली.

मी काही करू शकत नव्हते. नियमच तसा आहे.

तिर्झा


९ फेब्रुवारी

केझी,

मागच्या पत्रात मी लिहिलं, मी काही करू शकत नव्हते. ते पुरतं खरं नाही. अशिलाच्या कानात बोलायला मला मोकळीक असते. तिच्या बाहीला हात लावून, जरा थांब, एवढं म्हणता येतं. पाच मिनिटं बाहेर जाऊ द्या, अशी विनंती करायला आईला सुचवता येतं. मी हे इतर बायकांसाठी केलेलं आहे. एकीसाठी दोनदा केलं.

इथे केलं नाही, कारण मी बघतच नव्हते. बाबांनी मान खाली घातली तशी माझीही गेली. मला कळलंही नाही. माझ्यासमोर टेबलाचं लाकूड होतं, त्यावर कुणाच्या तरी कपाचा गोल डाग होता, आणि मी मनातल्या मनात माझी आजची चूक शोधत होते. मी वर बघितलं तेव्हा तुझं नाव घेऊन झालं होतं.

बाबांनी ते मुद्दाम केलं का, हे मला ठाऊक नाही. मला हो म्हणायचंय. पण लांब टेबल दिसलं की त्यांचीही मान आपोआप खाली जात असेल, चाळीस वर्षं गेली तशी. शपथेवर मी एवढंच सांगेन, की गेली.

ओडेगार्डबाईंना जाऊन सगळं सांगितलं. हे काम सोडते म्हणाले, मी यासाठी लायक नाही.

"तू सोडलंस तर तिला कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग मला कशाला विचारतेस? पाव खा." त्या पावाला लोणी लावत होत्या. एक तुकडा माझ्याकडे सरकवला. "आणि पुढच्या वेळी तिच्याकडे तोंड करून बस. बापाकडे नाही."

पुढची वेळ म्हणजे अंतिम सुनावणी, सप्टेंबरात. तात्पुरता आदेशच बहुतेक वेळा कायमचा होतो, कारण तोवर पोर तिथं रुळतं आणि मग न्यायाधीश त्याला हलवत नाहीत. हे मी प्रत्येक अशिलाला पहिल्याच दिवशी सांगते. आईला अजून सांगितलेलं नाही. उद्या सांगणार आहे. सांगावंच लागेल.

अजून एक. त्या दिवशी गाडीत आईला मी विचारलं होतं. आवाज चढवून विचारलं. "आई, इतके दिवस काय सराव केला आपण? का बोललीस तसं?"

ती बाहेर बघत होती. गवताच्या गंज्यांवर बर्फ होता. "ती कोपऱ्यातली बाई सगळं टाइप करत होती ना?" तिनं विचारलं. "मी बोलले ते सगळं?"

"शब्द न् शब्द."

"आणि ते ठेवतात? टाकून देत नाहीत?"

"नाही. ठेवतात."

"मग असू दे," ती म्हणाली.

म्हणजे सवयीनं तिच्या तोंडून गेलं, की फीबी हातची जाईल हे समजून उमजून ती बोलली, ते मला कळलेलं नाही. तिला पुन्हा विचारायचा धीर होत नाही. मी तिची मुलगी म्हणून विचारतेय की तिचं काम बघणारी म्हणून, हे मला आधी ठरवता यायला हवं.

तुला काही वाटावं म्हणून हे लिहिलेलं नाही. तुझं नाव सरकारी कागदावर आलंय, तिनं काय केलं ते तिच्याच शब्दांत त्यापुढे आहे, आणि ते तुला माहीत असायला हवं. प्रत हवी असेल तर मी मागवून पाठवीन. बाबांच्या नावापुढे त्यात काहीच नाही.

तिर्झा


२३ फेब्रुवारी

केझी,

काल दुसरा शनिवार होता. फीबीची देवाणघेवाण किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये होते, आदेशात तसं लिहिलंय. आई गाडी चालवत नाही, म्हणून मी जाते. बाबा वेळेच्या आधी येऊन थांबलेले असतात.

"वाळलीस," ते खिडकीची काच खाली करून म्हणाले. "जेवतेस ना?"

"जेवते."

"आज कोण म्हणून आलीस? मुलगी की वकील?"

"वकील नाही मी, बाबा."

"मग मुलगी."

"गाडी चालवायला आलेय," मी म्हणाले.

त्यांनी काच वर केली. रागावले नाहीत. ते रागावत नाहीत हेच मला कुठल्या फॉर्ममध्ये लिहावं ते कळत नाही.

पहिल्या शनिवारी फीबी काही बोलली नव्हती. आईच्या मांडीला टेकून दिवसभर बसून राहिली आणि संध्याकाळी कोट घालून आपणहून दाराशी उभी राहिली. काल मावशीनं पॅनकेक केले. दोन खाऊन झाल्यावर तिनं काटा खाली ठेवला.

"केझाया कोण?"

मावशीनं गॅस बंद केला.

"बाबा म्हणाले, आई कोर्टात सांगत होती, की तिनं केझायाला बर्फात बाहेर काढलं. म्हणून मी त्यांच्याकडे राहायचं. पण केझाया कोण ते नाही सांगितलं. मांजर आहे का?"

तिला तू ठाऊकच नव्हतीस. त्या घरात तुझं नाव घेत नसत हे मला माहीत होतं, मीही घेत नसे. पण दहा वर्षांत तिच्या कानावर ते एकदाही पडलं नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आईनं ते नाव कोर्टाच्या टेबलावर ठेवलं आणि बाबांना ते घरी न्यावं लागलं.

आई तिच्या उजवीकडे जाऊन बसली. "तुझी सगळ्यात मोठी बहीण," ती म्हणाली. "मांजर नाही."

"मेली?"

"नाही. अलास्कात असते. मासळीच्या कारखान्यात काम करते."

"तिला मी माहीत आहे?"

"तू लहान होतीस, फार लहान. मी तेव्हा आजारी होते. तुला तीच झोपवायची."

"कशी?"

आईनं तिच्या ताटलीत आणखी एक पॅनकेक वाढला.

"म्हणजे गाणं म्हणायची की थोपटायची? की नुसतं ठेवून द्यायची?"

आईला ठाऊक नव्हतं. ती तेव्हा वरच्या खोलीत तापानं पडून होती, दार लावलेलं असायचं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी त्या महिन्यांत स्वयंपाक करत होते, भांड्यांच्या आवाजात मला काही ऐकू येत नसे. फीबीनं आमच्या तिघींची तोंडं पाहिली. "कुणालाच माहीत नाही?" ती म्हणाली. तिला खरंच नवल वाटलं असावं. तिच्या सगळ्या गोष्टी कुणाला तरी माहीत असतात.

संध्याकाळी तिला परत नेलं. ट्रकमध्ये चढताना ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तिला विचार." बाबा ऐकत होते, म्हणून तुझं नाव घेतलं नाही. एवढं ती एका दिवसात शिकली.

केझी, हे कोर्टासाठी नाही. सही नको, शपथ नको. आईला माफ कर असं मी म्हणत नाही, ते माझ्या कामात बसत नाही आणि बहीण म्हणूनही मला तो हक्क नाही. सप्टेंबरात काय होईल ते मला दिसतंय, आणि आता आईलाही सांगून झालंय. तिनं फक्त मान हलवली. तोवर आमच्याकडे शनिवार आहेत.

पुढच्या शनिवारी फीबी विचारणार. गाणंही म्हणायची आणि थोपटायचीही, असं सांगून मोकळी होणार होते मी. पण मला ते ठाऊक नाही, आणि मला ठाऊक नसलेलं तिला सांगायचं नाही, असं ठरवलंय.

तू तिला कशी झोपवायचीस?

तिर्झा